बेंचवर कोण? जज नेमताना एवढी मारामारी का होते, साध्या भाषेत

सीमाप्रश्नाची तारीख जवळ आली की आमच्या बेळगावातल्या गल्लीत पहिला प्रश्न कायद्याचा नसतोय. कलम कुठलं, मुद्दा कुठला हे कोण विचारत नाही, विचारतात एवढंच की "बेंचवर कोण हाय?" माझं कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, दिवसभर वकीलसाहेबांचे कागद मारून मारून कायदा थोडा अंगाला लागलाय, मी काय वकील नाही. तर शेजारचे काका, वय ऐंशीच्या पुढं, तरुणपणी सीमालढ्यात लाठ्या खाल्लेले, रोज सकाळी पेपर घेऊन दुकानात येऊन बसतात, आणि मागं एकदा त्यांनी विचारलं, "काय रे, अमेरिकेत एक जज म्हातारी वारली तर सगळा देश पेटला, रस्त्यावर लोक, टीव्हीवर भांडणं. आणि आपल्याकडं नवीन जज आला तर पेपरात आतल्या पानावर बोटाएवढा फोटो. हे असं कसं?"

तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. नंतर वाचत गेलो, येणाऱ्याजाणाऱ्या वकिलांना पिडलं, आणि आता जमेल तसं लिहितोय.

## शेवटचा शब्द ज्याचा, त्याच्या खुर्चीवर सगळ्यांचा डोळा

बेळगावच्या कोर्टात हरला तर धारवाडला जाता येतंय, हायकोर्टाचं बेंच तिथं आहे. धारवाडला हरला तर दिल्ली. दिल्लीत हरला तर? मग घरी. सुप्रीम कोर्टाच्या वर कोण नाही, तिथं जे म्हटलं तोच कायदा, आणि म्हणूनच तिथं कोण बसणार यावर प्रत्येक पक्षाचा डोळा असतोय.

जत्रेतली कुस्ती बघितली असेल तर हे लगेच कळेल. दोन गावचे नावाजलेले पैलवान असले की पहिला वाद पैलवानांत होतच नाही, पंच कुठल्या गावचा यावर होतो. "तो त्यांच्या पाव्हण्यातला, नको." आता पाठ टेकली का नाही हे हजार माणसं डोळ्यानं बघत असतात, तरी एवढी भांडणं. इथं तर राज्यघटनेत "समानता", "स्वातंत्र्य" असले मोठे मोठे शब्द आहेत, त्यांचा अर्थ काय हे पंचानंच ठरवायचं.

## "पण जजनं कायदाच बघायचा ना? कोण बसला यानं काय फरक पडतोय?"

हा प्रश्न मला एका तरुण वकिलानंच विचारला, म्हणजे बघा.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. १९७३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गर्भपाताचा हक्क घटनेत येतो. २०२२ साली त्याच कोर्टानं सांगितलं की येत नाही. मधल्या ४९ वर्षांत घटनेतला ह्या विषयाचा एक शब्दसुद्धा बदलला नव्हता. खुर्चीवरची माणसं बदलली होती.

आणि लांब कशाला जायचं. आपल्या भागात शेंबड्या पोराला पण "महाजन" हे नाव माहीत आहे. मेहरचंद महाजन म्हणजे देशाचे तिसरे सरन्यायाधीश, रिटायर झाल्यावर त्यांचा एकट्याचा आयोग १९६६ मध्ये नेमला आणि १९६७ मध्ये अहवाल आला: बेळगाव म्हैसूर राज्यातच, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, राहू दे, २६४ गावं महाराष्ट्राला द्या, २४७ गावं कर्नाटकाला. कर्नाटक म्हणतंय तो अहवालच शेवटचा, महाराष्ट्र म्हणतंय आम्हाला मान्यच नाही. माणूस एक, कागद एक, आणि तीन पिढ्या त्यावर भांडतायत. तेव्हा जज कोण यानं फरक पडतोय का, हे बेळगावात तरी विचारायला नको.

## अमेरिकेतला बघण्याचा कार्यक्रम

तिथं पद्धत सरळ आहे. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, आणि सिनेट, म्हणजे आपल्या राज्यसभेसारखं वरचं सभागृह, ५० राज्यांचे प्रत्येकी दोन असे १०० सदस्य, ते नाव पसंत करतं किंवा नाकारतं. ह्या पसंतीलाच कन्फर्मेशन म्हणतात.

म्हणजे हा बघण्याचा कार्यक्रमच. फक्त आपल्याकडं कांदेपोहे, चार पावणे आणि आत स्वयंपाकघरातनं डोकावणाऱ्या बायका, आणि तिथं टीव्हीवर लाईव्ह, दिवसचे दिवस. तुम्ही वीस वर्षांपूर्वी अमुक लेखात असं का लिहिलं, कॉलेजात असताना काय केलं, सगळं काढतात. आणि एकदा पसंत पडला की सोडचिठ्ठी जवळजवळ नाहीच, नेमणूक जन्मभराची. महाभियोग लावायची सोय आहे, पण सुप्रीम कोर्टाच्या एकाच जजवर तो आजपर्यंत लागला, आणि तो पण १८०५ मध्ये निर्दोष सुटला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. तिथं जज नऊच, आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या केसला नऊच्या नऊ एकत्र बसतात. त्यामुळं एक खुर्ची हलली की अख्ख्या कोर्टाचा तोल हलतोय. काकांची "म्हातारी जज" म्हणजे रूथ बेडर गिन्सबर्ग, त्या १८ सप्टेंबर २०२० ला वारल्या तेव्हा लोक नुसते दुःखानं रस्त्यावर आले नव्हते, आता उजव्या विचाराच्या जजचं बहुमत ५-४ चं ६-३ होणार ही भीती होती.

## हे आधीपासनं असंच होतं काय?

नाही. १९८६ मध्ये अँटोनिन स्कॅलिया नावाचे जज आले, कट्टर उजव्या विचाराचे, मतं पडली ९८-०. ह्याच गिन्सबर्ग १९९३ मध्ये आल्या, डाव्या बाजूच्या, त्यांना ९६-३. म्हणजे विरोधी पक्ष पण म्हणायचा की विचार आमचे नाहीत पण माणूस हुशार आहे, बसू दे.

बिघाड सुरू झाला १९८७ मध्ये असं बहुतेकजण मानतात. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी रॉबर्ट बोर्क यांचं नाव दिलं, आणि तासाभरात सिनेटर टेड केनेडी उभे राहून बोलले की ह्या माणसाच्या अमेरिकेत बायकांना चोरून गर्भपात करावे लागतील. बोर्क विद्वान होते यात कुणाला शंका नव्हती, भांडण त्यांच्या विचारांवर होतं. ५८ विरुद्ध ४२ नं पडले. तिथनं पुढं नाव आलेले लोक शहाणे झाले, मत विचारलं की "अशी केस समोर येऊ शकते, आत्ता बोलणं बरोबर नाही" एवढंच म्हणायचं. म्हणजे बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी फक्त मान खाली घालून बसते तसं, कार्यक्रम लांबलचक आणि कळत काहीच नाही.

मग २०१६. स्कॅलिया फेब्रुवारीत वारले, ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गारलँड यांचं नाव दिलं. सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकन पक्षाचं, त्यांचे नेते मिच मॅकॉनेल म्हणाले निवडणुकीचं वर्ष आहे, लोकांना ठरवू दे, आणि बघण्याचा कार्यक्रमच ठेवला नाही. नकार नाही, होकार नाही, पत्रिकाच उघडली नाही, खुर्ची वर्षभर रिकामी. ट्रम्प निवडून आले आणि त्यांचा माणूस तिथं बसला. एरवी चर्चा लांबवून मतदान अडवायची एक सोय असते, ती मोडायला ६० मतं लागायची, तो नियम पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टापुरता काढून टाकला, आता साधं बहुमत पुरतंय. (खालच्या कोर्टांसाठी तोच नियम २०१३ मध्ये डेमोक्रॅट लोकांनी काढला होता, त्यामुळं रडायला त्यांना पण फार तोंड नव्हतं.)

आणि चार वर्षांनी गिन्सबर्ग वारल्या तेव्हा निवडणूक तर दीड महिन्यावर होती. त्याच मॅकॉनेलनी एमी कोनी बॅरेट यांना मतदानाच्या आठ दिवस आधी ५२-४८ नं बसवून टाकलं. लोकांना ठरवू दे, ते कुठं गेलं ते गेलं. ट्रम्पनी पहिल्या टर्ममध्ये बसवलेले तिघंही २०२२ च्या त्या गर्भपाताच्या निकालात बहुमताच्या बाजूला होते. म्हणून म्हणतो, ते लोक रस्त्यावर उगीच आले नव्हते.

## "आपल्याकडं असलं काय नाही, बरं हाय की"

हे काकांचं वाक्य. इथं मी त्यांना म्हटलं, काका थांबा, भांडण आपल्याकडं पण आहे, दार लावून आहे.

१९४९ मध्ये घटना समितीत ह्यावर चर्चा झाली होती. आंबेडकर म्हणाले अमेरिकेसारखं सभागृहाकडं दिलं तर अवघड होईल आणि राजकीय दबाव येईल. आणि त्याच भाषणात असं पण म्हणाले की सरन्यायाधीशांची संमती हाच शेवटचा शब्द करणं पण धोक्याचं, शेवटी ते पण माणूसच, माणसाचे गुणदोष त्यांच्यात पण असणार. म्हणून मधला रस्ता: नेमणूक राष्ट्रपतींची, म्हणजे सरकारची, पण सरन्यायाधीशांचा सल्ला घेऊन.

आता गंमत अशी की सगळं भांडण ह्या "सल्ला घेऊन" मध्ये आहे. घरात म्हणतात की नाही, "लग्न ठरवा, पण आजोबांना विचारून." आता विचारून म्हणजे काय? त्यांच्या कानावर घातलं की झालं, का ते नको म्हणाले तर मोडायचं?

बरीच वर्षं सरकार आजोबांचं ऐकत होतं. मग एप्रिल १९७३. केशवानंद भारती केसचा निकाल लागला २४ तारखेला, ७ विरुद्ध ६, संसदेला घटनेचा पायाच बदलता येणार नाही असा, सरकारला न आवडणारा. आणि लगेच तीन सीनियर जजना डावलून इंदिरा गांधींच्या सरकारनं ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. तिघांनीही राजीनामा दिला. त्यातले एक के. एस. हेगडे, कर्नाटकातले, पुढं लोकसभेचे सभापती झाले, आणि खाण घोटाळ्याचा अहवाल देणारे आपले माजी लोकायुक्त संतोष हेगडे हे त्यांचेच चिरंजीव. (हे केशवानंद भारती ज्या एडनीर मठाचे स्वामी होते तो मठ कासरगोडात. कासरगोडचा बराच भाग कर्नाटकाला द्या असं आपल्या त्याच महाजन अहवालात लिहिलंय, आणि तो अजून केरळातच आहे. सीमावाले कुठंही भेटतात.) १९७७ मध्ये परत तसंच झालं, आणीबाणीत सरकारच्या विरुद्ध एकट्यानं निकाल दिलेल्या एच. आर. खन्नांना डावललं.

मग कोर्टानंच आजोबांचा प्रश्न सोडवायला घेतला. १९८१ मध्ये म्हटलं, विचारणं म्हणजे नुसतं विचारणं, शेवटचा शब्द सरकारचा. १९९३ मध्ये म्हटलं, नाही, विचारणं म्हणजे ऐकणं. आणि १९९८ मध्ये आजोबा कोण हे पक्कं केलं: सरन्यायाधीश आणि त्यांच्यानंतरचे चार सीनियर जज. ह्या पाच जणांना कॉलेजियम म्हणतात. सरकार नाव एकदा परत पाठवू शकतंय, पण पाचांनी तेच नाव पुन्हा पाठवलं तर नेमायला पाहिजे.

## "म्हणजे जजनीच जज नेमायचे? हे कुठल्या गावात असतंय?"

आमच्या पतसंस्थांत असतंय, असं एक वकीलसाहेब हसत म्हणाले. संचालकांनीच पुढचे संचालक घ्यायचे, सभासदांना वार्षिक सभेला वडा आणि पिशवी.

ह्यावर राग सगळ्या पक्षांत होता. म्हणून २०१४ मध्ये घटनादुरुस्ती करून एक आयोग काढला, त्यात सरन्यायाधीश, दोन जज, कायदामंत्री आणि दोन बाहेरचे नामवंत. राज्यसभेत विरोधात एक पण मत पडलं नाही, आणि आपल्या संसदेत अशी एकी केव्हा होते हे तुम्हाला माहीत आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं ४ विरुद्ध १ नं ती दुरुस्तीच रद्द केली. कारण असं, की कुठल्याही दोघांनी नाही म्हटलं की नाव पडणार, म्हणजे मंत्री आणि एक नामवंत मिळून सगळ्या जजना अडवणार, आणि कोर्टात सगळ्यात जास्त केसेस कुणाच्या? सरकारच्या. पक्षकारानंच पंच निवडायचा हे बरोबर नाही. मुद्दा पटतो. पण पंचांनीच पंच निवडायचा हे बरोबर आहे असं त्यातनं सिद्ध होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

घराणेशाहीचा आरोप पण होतोच, चंद्रचूड पितापुत्र दोघं सरन्यायाधीश झाले वगैरे. पण तिथं पण सरळ रेघ नाही, वडिलांनी आणीबाणीत सरकारच्या बाजूनं दिलेला निकाल २०१७ मध्ये मुलाच्याच बेंचनं मोडीत काढला.

## मग आपलं भांडण असतं कुठं? फायलीत

कॉलेजियमचं ऐकायलाच पाहिजे असा नियम, पण किती दिवसांत ऐकायचं ते कुठं लिहिलेलं नाही. तलाठ्याकडं उतारा मागायला गेलेल्याला हे समजावून सांगायला नको. साहेब "नाही" म्हणत नाहीत, साहेब "बघू" म्हणतात.

२०१६ मध्ये उत्तराखंडात केंद्रानं राष्ट्रपती राजवट लावली, तिथले मुख्य न्यायाधीश के. एम. जोसेफ यांच्या बेंचनं ती रद्द केली. २०१८ च्या जानेवारीत कॉलेजियमनं त्यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी पाठवलं, सरकारनं एप्रिलमध्ये परत पाठवलं, सीनियर नाहीत, केरळचा एक जज आधीच आहे असली कारणं देऊन. कॉलेजियमनं तेच नाव पुन्हा पाठवलं, आणि ऑगस्टमध्ये जोसेफ बसले. संबंध आहे असं सरकार म्हणत नाही, नाही असं वकील म्हणत नाहीत.

वकील सौरभ किरपाल यांचं नाव दिल्ली हायकोर्टासाठी कॉलेजियमनं २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर केलं. जानेवारी २०२३ मध्ये तेच नाव पुन्हा पाठवताना कॉलेजियमनं सरकारचे आक्षेप चक्क लिहून जाहीर केले: ते उघडपणे समलिंगी आहेत आणि त्यांचा जोडीदार परदेशी आहे. दोन्ही कारणं चालणार नाहीत असं कॉलेजियमनं सांगितलं. पडदा असा वर उचललेला क्वचितच दिसतो. एरवी पाचांत काय झालं हे बाहेर येतच नाही, २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका नावाला न्यायमूर्ती नागरत्ना यांनी एकट्यानं विरोध केला, ४ विरुद्ध १, ते कळलं पेपरांतल्या बातम्यांतनं.

तर अमेरिकेत भांडण टीव्हीवर होतं आणि आपल्याकडं फायलीत. टीव्हीवरचं भांडण घाण असतंय, माणसाची अब्रू जाते, मला ते बघवत नाही. पण कुणी अडवलं आणि काय म्हणून अडवलं हे तिथल्या शेतकऱ्याला पण माहीत असतं. ५२ कोण आणि ४८ कोण, नावासकट. आपल्याकडं फाईल कुठल्या टेबलावर किती महिने पडली हे शोधायला पत्रकार लागतो. मला विचाराल तर दोन्हीतलं मी थोडं टीव्हीवालं घेईन, अर्धा तास तरी.

## "मग लोकांनाच निवडून देऊ द्या की"

मेक्सिकोनं १ जून २०२५ ला तेच केलं, सुप्रीम कोर्टाचे नऊच्या नऊ जज लोकांच्या मतांनी. मतदान झालं साधारण १३ टक्के, आणि कुणाला शिक्का मारायचा याच्या चिठ्ठ्या आधीच वाटल्याच्या तक्रारी. आपल्याकडं साखर कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेलची चिठ्ठी वाटतात, डिट्टो. हा उपाय मी काकांपुढं मांडला नाही, त्यांनी महाराष्ट्र एकीकरण समितीचं पॅनेल उभं केलं असतं.

## मग आमच्या केसला ह्याचा काय संबंध?

इथं आधी सांगितलेली नऊ जजची गोष्ट आठवा. आपल्या सुप्रीम कोर्टाची जजसंख्या २०१९ मध्ये ३४ केली, आणि बसतात दोघं-तिघं मिळून. रिटायर ६५ ला, उदय लळीत सरन्यायाधीश होते ७४ दिवस. त्यामुळं आपल्याकडं एका खुर्चीनं कोर्ट हलत नाही. आपल्याकडं खरा प्रश्न खुर्चीचा नाही, कुठली केस कुठल्या बेंचकडं जाणार हा आहे, आणि ते ठरवतात एकटे सरन्यायाधीश. १२ जानेवारी २०१८ ला चार सीनियर जजनी पत्रकार परिषद घेतली, देशात पहिल्यांदाच, ती ह्याच केसवाटपावरनं. म्हणजे आमच्या गल्लीतला "बेंचवर कोण हाय?" हा प्रश्न दिसतोय तेवढा अडाणी नाही.

आता सीमाप्रश्न. महाराष्ट्रानं २००४ मध्ये दावा टाकला, घटनेच्या कलम १३१ खाली, म्हणजे दोन राज्यांचं भांडण थेट सुप्रीम कोर्टात. पहिली पायरी तीच आणि शेवटची पण तीच, धारवाड नाही, अपील नाही. कर्नाटक म्हणतंय हद्द ठरवायचं काम संसदेचं, कोर्टाचा इथं अधिकारच नाही. म्हणजे महाराष्ट्र मागतंय ती ८६५ गावं कुणाची हा प्रश्न पुढचा, आधी हे ऐकायचं की नाही हेच ठरायचंय. आणि त्यात कर्नाटकाशी किंवा महाराष्ट्राशी नातं असलेले जज ह्या केसमधनं बाजूला होतात, जत्रेतल्या पंचासारखं, दोन्ही गावचा नको. ते बरोबरच आहे. पण बेंच जुळायचं, त्यातला एक बाजूला व्हायचा, मग परत जुळवायचं, तेवढ्यात कुणीतरी ६५ चं व्हायचं.

हे सगळं मी काकांना दोन सकाळी घालवून सांगितलं. समोर बसलेले एक कन्नड वकील ऐकत होते, ते "हौद्री, हौद्री" म्हणत चहा पीत राहिले, त्यांच्या आणि काकांच्या मतांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण तारखेबद्दल दोघांचं एकमत असतंय.

काकांनी आता नवीन काम लावून घेतलंय. दिल्लीत नवीन जजनी शपथ घेतली की पेपरातला तो बोटाएवढा फोटो कापून दुकानात आणतात आणि मला मोबाईलवर बघायला लावतात, हा मूळचा कुठल्या हायकोर्टाचा. मुंबईचा असला तर काट. बेंगळूरचा असला तर काट. बाकीच्यांच्या खाली रिटायर व्हायचं वर्ष लिहितात, आणि कात्रण कालनिर्णयाच्या मागं खोचतात.